पाण्याखालची टकटक

मी इंदूवहिनीला विहिरीत ढकललं, तेव्हा तिचा पदरसुद्धा नीट खोचून झाला नव्हता.

"वन्सं, थांबा, मला जरा..." एवढं म्हणेपर्यंत ती पाण्यात. तिच्या पाठीला डबा बांधलेला होता. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंडाला झाळ मारून बंद केलेला. आमच्या गावात जो कुणी पोहायला शिकला तो असाच डबा बांधून शिकला. डबा पाठीला असला की माणूस खाली जायचं म्हटलं तरी जात नाही, त्यामुळे मी निवांत पायरीवर उभी राहून सूचना देत होते.

"हात मार! पाय मार! अगं, मार की!"

वहिनीने हातही मारले आणि पायही मारले, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. मान तर तिने अशी ताठ वर धरली होती, की डोक्यावर भरलेली घागर असावी. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तेव्हा मात्र मी उडी टाकली आणि तिला पायरीशी ओढून आणलं. वरच्या पायरीवर तिची चार वर्षांची चिमी भोकाड पसरून बसली होती. वहिनीने खोकत खोकत डब्याची दोरी सोडली, चिमीला कडेवर घेतलं आणि ओल्या लुगड्याने तशीच पायऱ्या चढून गेली.

"उद्या याच वेळेला ये!" मी मागून ओरडले.

तिने वळूनही पाहिलं नाही.

मला रागच आला. मी पाच वर्षांची असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला याच विहिरीत याच पायरीवरून ढकललं होतं आणि त्याच आठवड्यात मी काठावरून उड्या मारत होते. अण्णांना त्यांच्या चुलत्यांनी ढकललं होतं. आमच्याकडे पोहणं शिकवायचं म्हणजे ढकलायचं आणि वरून ओरडायचं. यात न येण्यासारखं काय आहे, हे मला कळेना.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आले होते. तिसऱ्या वर्षाला एकच विषय स्पेशल म्हणून घ्यायचा असतो आणि मग पुढचं सगळं आयुष्य त्या विषयाच्या मागून जातं. माझा विषय कधीच ठरला होता. म्हणजे रंगामामांनी ठरवला होता. मामा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. मी केमिस्ट्री घ्यायची, पदवी झाली की मामांच्या शब्दावर तिथे लागायचं आणि पांढरा कोट घालून उसाच्या रसाचे नमुने तपासायचे. मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. केमिस्ट्रीत मी वर्गात पहिली असायची आणि तेही फारसा अभ्यास न करता. माझा दुसरा विषय गणित. त्यात मात्र मी दोन वर्षं ठेचकाळत, गुडघे फोडून घेत कशीबशी पुढे सरकले होते.

एक गोष्ट तेवढी मी स्वतः ठरवली होती. काहीही होईन, पण मास्तरीण होणार नाही. त्याला कारण मामांची उज्ज्वला. बारावीला असताना ती माझ्याकडे केमिस्ट्री शिकायला आली. समीकरण मांडलं की ती विचारायची, "ताई, हे कसं आलं?" मी म्हणायची, "अगं, दिसतंय की!" तिसऱ्यांदा "दिसतंय की" म्हटल्यावर पोरगी वही मिटून रडत मामीकडे गेली. मामा पोट धरून हसले होते. "वैजे, तू काय वाट्टेल ते हो, पण मास्तरकी तेवढी करू नकोस. पोरं शाळा सोडतील!" मीही हसले होते, कारण मला ते पटलं होतं.

मग मी वहिनीला पोहायला का शिकवत होते? तर आईने मला न विचारता शब्द दिला होता म्हणून. इंदूवहिनी ही माझ्या चुलतभावाची, तानाजीदादाची बायको. दादाने शेतातल्या वस्तीवर दोन खोल्या बांधल्या होत्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते तिघं तिकडे राहायला जाणार होते. दादा ट्रकवर. एकदा गेला की आठ-आठ दिवस बाहेर. आणि त्या दोन खोल्यांच्या दारासमोरच विहीर, तीही बिनकठड्याची.

"पोरगी आत गेली तर मी काय काठावर हुबी ऱ्हाऊन बोंबलू?" वहिनीने आईला विचारलं होतं. जेवणानंतर पुरुषमाणसं पाठ टेकायची, तेवढा वेळ गावची विहीर बायकांची असायची. त्या वेळात वहिनीला तयार करायची कामगिरी माझ्याकडे आली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हटलं, सुटले. पण आईने संध्याकाळी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी चपला घालून वहिनीच्या घरी गेले.

ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. शेजारी चिमी खडे गोळा करत होती.

"वहिनी, डबा होता पाठीला. बुडाली नसतीस तू."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. मला जमायचं न्हाई, वन्सं. ह्यास्नी सांगते कठडा बांधून घ्या म्हणून."

"कधी बांधणार दादा?"

"पाऊस झाल्यावर."

पाऊस झाल्यावर म्हणजे कधी, ते तिला माहीत होतं आणि मलाही. चिमी एव्हाना उठून अंगणात कोंबडीच्या मागे पळत होती. तिचा पाय एका जागी म्हणून ठरत नव्हता. तिच्याकडे बघताना वस्तीवरची ती बिनकठड्याची विहीर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर आली. तोवर हे सगळं मला आईने गळ्यात मारलेलं काम वाटत होतं.

"अगं, सोपं आहे" हे शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. पण वहिनीने ताटातून मान वर केली आणि मला उज्ज्वलाचं तोंड आठवलं. तेच तोंड. आपण मंद आहोत हे समोरच्याने न बोलता सांगितलेलं माणूस जसं दिसतं, तसं. मी शब्द गिळले. मग दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं, "वहिनी, तुला नेमकी कशाची भीती वाटते?"

तिचा निवडणारा हात थांबला. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे उघड दिसत होतं.

"पाण्याची न्हाई वाटत," ती म्हणाली. "कानांची वाटते."

"कानांची?"

"कान पाण्यात गेलं की समदं गप हुतंय. त्या दिशी चिमी वर रडत हुती न्हवं? मला तिचं तोंड हाललेलं दिसत हुतं, पण आवाज यीना. मला वाटलं, असंच कवातरी ती हाक मारंल आणि मला ऐकूच यायची न्हाई. म्हणून मान वर धरायला गेले, तर समदीच खाली."

मी ओसरीच्या कडेवर बसून राहिले. मान! ती ताठ मान मला त्या दिवशी चांगली दिसली होती. मान वर धरली की पाय खाली जाणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी काठावर उभी राहून हातापायांच्या नावाने ओरडत होते. दुखणं एकीकडे आणि माझं औषध भलतीकडेच चाललं होतं.

घरी जाताना मी विहिरीवरून गेले. पोरं पाण्यात होती. त्यांचा तो जुना खेळ चालला होता. एकाने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि बाकीच्यांनी कान बुडवून आवाज कुठून आला ते ओळखायचं. मीही लहानपणी हा खेळ खेळले होते, पण त्याचा काही उपयोग असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मी पायरीवरच उभी राहिले आणि एकटीच हसले. पोरांना वाटलं, ताई वेडी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीला जवळजवळ ओढतच आणलं. डबा घरी ठेवला.

"डबा कुटाय?" तिने घाबरून विचारलं.

"आज पोहायचं नाही. आज फक्त ऐकायचं."

कंबरभर पाण्यात जी पायरी होती, तिच्यावर तिला बसवलं. चिमीला पलीकडच्या बाजूला, कोरड्या पायरीवर माझ्या आईजवळ बसवलं आणि तिच्या हातात दोन गोटे दिले. "मी हात वर केला की पाण्यात हात घालायचा आणि हे वाजवायचे. जमेल?"

चिमीने एवढी मोठी मान हलवली. तिला आजवर कुणी काम म्हणून दिलं नव्हतं.

मी वहिनीच्या मानेखाली तळहात धरला. "आता फक्त कान बुडव. तोंड वरच राहील, माझा हात आहे. नाही आवडलं तर उठून बस, मी धरून ठेवणार नाही."

तिने डोळे गच्च मिटले आणि मान मागे टाकली. अर्धी. मग थोडी आणखी. पाणी कानांवरून गेलं तसं तिचं सगळं अंग आखडलं. मी हात वर केला.

टक. टक. टक.

वहिनीने खाडकन डोळे उघडले. धडपडून उठून बसली आणि चिमीकडे पाहायला लागली. चिमी होती तिथेच होती, विहिरीच्या दुसऱ्या कडेला.

"ती माझ्या कानाशी आली हुती का?"

"नाही. तिथूनच वाजवलं तिने."

"हितं, कानाच्या आत वाजलं!"

पाण्यातून आवाज कसा जातो, ते मी तिला सांगायला लागले. ते तिला ऐकायचंच नव्हतं. "पुन्यांदा," ती म्हणाली, आणि आपली आपणच मान मागे टाकली.

चिमीने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. मग तिला कुणी सांगायची गरजच उरली नाही. गोटे वाजत राहिले आणि वहिनी आभाळाकडे तोंड करून ऐकत राहिली. तिची मान माझ्या तळहातावर जड झाली, मग हलकी झाली. तिचे पाय पायरीवरून कधी उठले ते तिला कळलं नाही. मला कळलं. मी तळहात थोडा खाली घेतला. मग आणखी थोडा. मग काढूनच घेतला.

वहिनी पाण्यावर होती. पाठीला डबा नाही, खाली हात नाही. लुगड्याचा पदर बाजूला पसरला होता आणि तिच्या तोंडावर हसू होतं. काठावर कपडे धूत बसलेल्या बायकांचे हात थांबले. आई तोंडावर पदर धरून बघत होती. मी मात्र पाण्यात उभी राहून ढसाढसा रडत होते. का, ते विचारू नका. केमिस्ट्रीत पहिली आले तेव्हा मी पेढा खाल्ला होता आणि झोपले होते. हे त्याहून कितीतरी मोठं होतं, आणि यात माझा नंबर कुठेच नव्हता.

त्यानंतर मी वहिनीला एकदाही ओरडले नाही. हात शिकवले, मग पाय शिकवले, आणि दरवेळी आधी विचारलं, कुठे अडतंय? कधी ती सांगायची, कधी तिलाच कळायचं नाही, मग दोघी मिळून शोधायचो. मला पोहणं इतकं सहज आलं होतं, की ते कसं येतं हेच माहीत नव्हतं. वहिनीच्या अडण्यामुळे ते मला पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांनी दिसलं. गावची विहीर तिने आडवी पार केली, तेव्हा चिमीने इतका वेळ गोटे वाजवले की तिचे हात दुखायला लागले.

वहिनी वस्तीवर राहायला गेली आणि लगोलग मामा मोटरसायकलवरून आले.

"वैजे, साहेबांशी बोलून आलोय. उद्या फॉर्मची शेवटची तारीख, मी येतो न्यायला. केमिस्ट्री स्पेशल, झालं!"

"मामा," मी म्हटलं, "मी गणित घेणार."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "आणि गणित घेऊन काय करणार?"

"शिकवणार."

मामा हसायला लागले. मी हसत नाही हे बघून थांबले. "उज्ज्वला विसरलीस का?"

"नाही. तिच्यामुळेच."

"गणितात किती मार्क?"

"पास झाले."

"आणि केमिस्ट्रीत?"

"पहिली."

मामांनी कपाळाला हात लावला. "अण्णा, पोरीचं डोकं फिरलंय. हाताशी आलेली नोकरी सोडून ही, जे येत नाही ते शिकवायला निघालीय!"

अण्णा सुपारी कातरत होते. ते घाईने कधी बोलायचे नाहीत. "उद्या गणिताच्या सरास्नी भेटू दे. त्यांनी घेतलं तर गणित. न्हाई घेतलं तर पोरी, तुझा मामा म्हणतोय तसं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मामाही कबूल म्हणाले, कारण माझे मार्क ऐकून कोण घेणार, याची त्यांना खात्री होती.

गणिताचे विभागप्रमुख देशिंगे सर म्हणजे कडक प्रकरण. फॉर्मवर त्यांची सही लागायची. मामा खोलीच्या दारातच हाताची घडी घालून उभे राहिले. सरांनी माझी मार्कलिस्ट पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"केमिस्ट्रीत पहिली. माझ्याकडे जेमतेम पास. मग माझ्याकडे का?"

"सर, मला शिकवायचंय."

"मग केमिस्ट्री शिकव. ती तुला येते."

"येते म्हणूनच नको, सर," मी म्हटलं. रात्रभर जुळवलेलं भाषण मी विसरून गेले होते, पण आता घाबरले नव्हते. "केमिस्ट्री मला कशी आली ते मला माहीत नाही. कुणी अडलं तर मला सांगताच येत नाही. गणितात मी जिथे जिथे बुडाले, ती प्रत्येक जागा मला ठाऊक आहे. दुसरं कुणी तिथे बुडत असेल तर मला लांबून ओळखू येईल."

सरांनी खडू पुढे केला. "लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या. पहिल्या वर्षाची मुलं तिथे दरवर्षी गटांगळ्या खातात. का?"

"कारण त्यांना वाटतं, दोन्ही आकडे आपणच ठरवायचे, सर. मलाही तसंच वाटायचं. एप्सिलॉन आपला नाहीच. तो समोरच्याचा. समोरचा म्हणतो, मला उत्तराच्या इतक्या जवळ आणून दाखव. मग आपण डेल्टा शोधायचा. तो आणखी जवळ म्हणाला, की आपण पुन्हा शोधायचा. तो कितीही अडून बसला तरी आपल्याला दरवेळी शोधता आला पाहिजे."

"आणि मला हे समजलं नाही तर?" सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले. "मी ढ आहे. मला काही कळलेलं नाही."

मी फळ्याकडे वळलेच होते. तशीच परत फिरले. "सर, कुठपर्यंत कळलं ते सांगा. तिथून पुढे जाऊ."

सरांनी मग मला अर्धा तास छळलं. मुद्दाम चुकीचं बोलले, भलतेच प्रश्न विचारले, एकच गोष्ट चार वेळा सांगायला लावली. माझ्या तोंडून "दिसतंय की" एकदाही निघालं नाही. शेवटी त्यांनी फॉर्म ओढला आणि सही केली.

"पहिले दोन महिने रडशील," ते म्हणाले.

"सवय आहे, सर."

परत येताना मामांनी गाडी नुसती दामटली. वस्तीच्या फाट्यावर मी म्हटलं, वहिनीला सांगून येते, मला इथेच सोडा. त्यांनी सोडलं. गाडी वळवली, थोडी पुढे नेली आणि पुन्हा थांबवली.

"उज्ज्वलाला," ते मागे न बघता म्हणाले, "गणितपण येत नाही. आलीस की जरा बघ तिच्याकडे."

मी ते बघितलं. उज्ज्वला माझी पहिली विद्यार्थिनी. तिच्यानंतरच्या पोरांची मोजदाद मी ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे, आणि अजूनही नव्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहीत नाही, फक्त विचारते.

पण त्या दिवशी मी बांधावरून चालत वस्तीवर गेले, तेव्हा हे काही माहीत नव्हतं. हातात फॉर्मची पोचपावती होती आणि ती कधी एकदा वहिनीला दाखवते असं झालं होतं. घराला कडी होती. विहिरीतून आवाज येत होते, म्हणून मी काठाशी जाऊन वाकून पाहिलं.

वहिनी गळाभर पाण्यात होती. पायरीवर चिमी उभी होती, पाठीला तो आमचाच पत्र्याचा डबा, आणि दोन्ही हातांनी तिने भिंतीतला दगड घट्ट धरून ठेवला होता. मला वाटलं, आता वहिनी तिला ओढणार.

"बरं, ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाली. "तुला कशाची भीती वाटते ते सांग आधी."

चिमीने विचार केला. "खाली कासव हाय. बाबांनी सोडलंय. त्ये पायाला चावंल."

कासव चावत नाही, असं वहिनी म्हणाली नाही. "असं व्हय?" ती म्हणाली. "मग मी आधी त्येला बघून येते. तू वाजवत ऱ्हा, म्हंजे मला कळंल तू हितंच हाईस."

पायरीवरचे दोन गोटे तिने चिमीच्या हातात दिले. मग छाती भरून श्वास घेतला, आणि तिचं कपाळ, कान, अंबाडा, सगळं पाण्याखाली गेलं. चिमीने घाईघाईने खाली बसून हात पाण्यात घातले आणि ती गोटे वाजवायला लागली.